प्रॉडक्शन क्रूझिंग कॅटामरान: बांधणीचा दर्जा आणि किंमत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान साधारण ३८ ते ५० फुटांच्या, कारखान्यात साच्यातून निघणाऱ्या शिडाच्या कॅटामरानबद्दल, म्हणजे दोन धडांच्या बोटींबद्दल आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: स्वस्त बोट म्हणजे वाईट बोट नव्हे. प्रत्येक कारखाना कुठे ना कुठे काटकसर करतोच, आणि ती नेमकी कुठे केली आहे हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे. विंच (दोर ओढायची चरखी), शिडं, बॅटऱ्या, गाद्या पुढे कधीही बदलता येतात. बल्कहेडचा (बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीचा) जोड, हलचं (पाण्यात तरंगणाऱ्या धडाचं) लॅमिनेट, म्हणजे फायबर-रेझिनचे थर, आणि दोन हलना जोडणाऱ्या ब्रिजडेकची पाण्यापासूनची उंची मात्र बोट असेपर्यंत तीच राहते. खालची बहुतेक उत्तरं याच भेदावर उभी आहेत.

प्रॉडक्शन बोट कशाला म्हणायचं? सेमी-कस्टम त्याहून वेगळी कशी?

एकाच साच्यातून शेकडो बोटी निघतात ती प्रॉडक्शन बोट. १९८४ साली सुरू झालेली लगून, १९७६ पासूनची फाउंटन पाजो, केपटाउनच्या रॉबर्टसन अँड केन कारखान्यातल्या लेपर्ड, कॅटाना समूहाच्या बाली, रोशफोरच्या नॉटिटेक ही यातली ठळक नावं. इथे ग्राहकाच्या हातात केबिनची मांडणी, कापड, इंजिनाचा आकार आणि पर्यायांची यादी एवढंच असतं. लॅमिनेट किंवा बल्कहेड बदलून मागता येत नाही.

सेमी-कस्टम कारखान्यात, उदाहरणार्थ फ्रान्समधल्या ला ग्राँद मोतच्या आउटरिमरमध्ये, बोटी कमी निघतात, एका बोटीवर माणसांचे तास जास्त लागतात आणि आतली रचना, टाक्या, वायरिंग यांत थोडेफार बदल करून घेता येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रॉडक्शन कॅटामरानचं मोठं गिऱ्हाईक चार्टर कंपन्या आहेत. कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रात आठवड्याच्या भाड्याने जाणाऱ्या बोटींना चार केबिन, तितकीच टॉयलेटं, मोठं सलून (बैठकीची खोली) आणि ऐसपैस कॉकपिट (मागचा उघडा बसायचा भाग) लागतं. महासागर ओलांडायला लागणारा साठा, अवजारांची जागा, इंजिनाभोवती माणूस वळेल एवढी मोकळीक या गोष्टी त्या यादीत खाली असतात. बोट पाहताना ती मुळात कोणासाठी आखली आहे, हे स्वतःला विचारा.

एकाच लांबीच्या दोन बोटींच्या किमतीत इतका फरक का पडतो?

मजबूत आणि जड बोट बांधणं स्वस्त आहे. मजबूत आणि हलकी बांधणं महाग आहे. खर्चाचा मोठा भाग मजुरीच्या तासांत जातो. प्लायवूडचं बल्कहेड यंत्रावर कापून, चिकटवून बसवायला जितका वेळ लागतो त्याच्या कित्येक पट वेळ फोमच्या गाभ्याचं बल्कहेड बनवून, दोन्ही बाजूंनी, चारही कडांनी हाताने लॅमिनेट करायला लागतो. फर्निचरचंही तेच. हलकी पॅनेल महाग असतात, व्हीनिअर लावलेलं प्लाय किंवा पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि जड.

फुटामागे किंमत काढून तुलना करू नका. कॅटामरानमध्ये लांबीइतकंच महत्त्व रुंदीला, रिकाम्या वजनाला आणि वाहून नेता येणाऱ्या भाराला आहे. दोन बोटींची तुलना करताना रिकामं वजन, कमाल भारित वजन आणि दोन्हींतला फरक हे तीन आकडे शेजारी मांडा. माहितीपत्रकात रिकामं वजन कुठल्या साहित्यासह धरलं आहे, हेही विचारून घ्या. काही कारखाने त्यात बॅटऱ्या, नांगर आणि साखळी धरतात, काही धरत नाहीत.

गाभा बाल्साचा चांगला की फोमचा?

दोन्हींनी उत्तम बोटी बांधता येतात आणि दोन्हींनी वाईटही. बहुतेक कारखान्यांत पाण्याखालच्या भागात एकसंध फायबर असतं आणि वरच्या भागात सँडविच, म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये हलका गाभा.

बाल्सा हे हलकं लाकूड तंतू उभे ठेवून लावतात. दाब सोसण्यात ते सामान्य पीव्हीसी फोमपेक्षा कित्येक पटींनी सरस असतं, शिवाय स्वस्त. डेकवर माणसं नाचली, विंच ओढला तरी चेपत नाही. त्याचा शत्रू पाणी. एक स्क्रू सील न करता मारला की पाणी गाभ्यात शिरतं, हळूहळू पसरतं, लाकूड कुजतं आणि वरचा थर सुटतो. चौकोनी तुकड्यांमधल्या फटी रेझिनने नीट भरलेल्या असतील तर पाण्याला अडसर होतो. नसतील तर त्याच फटी पाण्याच्या वाटा बनतात.

पीव्हीसी फोम कुजत नाही. पण साधारण ८० किलो प्रति घनमीटर घनतेचा फोम दाबाला नरम असतो, त्यामुळे क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच, विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) यांच्याखाली जास्त घनतेचा फोम किंवा एकसंध फायबर घातलेलं असावं लागतं. उन्हात तापूनही तो मऊ पडतो, म्हणून उष्ण कटिबंधात गडद रंगाचं डेक टाळावं.

विक्रेत्याला ‘गाभा कशाचा’ एवढंच विचारून थांबू नका. ‘हार्डवेअरच्या खाली गाभा काढून एकसंध केलं आहे का, आणि त्या जागांचा नकाशा मिळेल का’ हे विचारा. पुढे डॅव्हिट (छोटी होडी टांगायचे हात), सोलर कमान किंवा जास्तीचे क्लीट बसवताना तो नकाशा फार उपयोगी पडतो.

इन्फ्युजन म्हणजे दर्जा चांगलाच, असं समजायचं का?

व्हॅक्यूम इन्फ्युजनमध्ये कापड कोरडं मांडतात, वर प्लॅस्टिकची पिशवी ओढून हवा काढतात आणि रेझिन आत खेचलं जातं. काचतंतूंचं प्रमाण वजनाने ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत जातं. हाताने रोलर फिरवून केलेल्या मॅटच्या कामात ते ३०-३५ टक्क्यांवर राहतं. म्हणजे तेवढ्याच ताकदीला कमी रेझिन, कमी वजन, आणि सगळ्या बोटी बऱ्यापैकी सारख्या. कामगारांना स्टायरीनचा (रेझिनमधल्या रसायनाचा) वासही कमी सोसावा लागतो.

पण इन्फ्युजनमधूनही कोरडे डाग राहू शकतात, विशेषतः जाड जागी आणि कोपऱ्यांत. शिवाय हल इन्फ्युजनने झालं म्हणून आतले जोड चांगले झाले असं होत नाही. ते जोड नंतर माणूस हाताने करतो, अडचणीच्या जागी वाकून, वेळेच्या दडपणाखाली.

रेझिनबद्दल थोडक्यात: पाण्याखाली बाहेरचे थर व्हिनिलएस्टरचे असावेत, म्हणजे ऑस्मोसिसचे (लॅमिनेटमध्ये पाणी झिरपून येणारे) फोड येण्याची शक्यता बरीच कमी होते. आतले थर पॉलिएस्टरचे असले तर क्रूझिंग बोटीला चालतं. इपॉक्सी सर्वांत चांगली चिकटते, पण तिची किंमत कामगिरीवाल्या महाग बोटींनाच परवडते.

बल्कहेडबद्दल एवढी चर्चा का होते?

कारण कॅटामरानचा सगळा ताण तिथे एकवटतो.

एकहली बोट वाऱ्याच्या झोतात कलते आणि थोडा वारा सोडून देते. कॅटामरान कलत नाही. ११ टनांची बोट घ्या, दोन हलच्या मध्यरेषांमधलं अंतर ५.२ मीटर धरा. एक हल पाण्यातून सुटायच्या बेतात येईपर्यंत ती बोट ११ × २.६, म्हणजे जवळपास २८.६ टन-मीटर इतका विरोध करते. ८ टनांची चाळीस फुटी एकहली बोट ६ टन-मीटरच्या आसपास थांबते. हा फरक शेवटी श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा), चेनप्लेट (त्या तारा बोटीला जिथे जोडतात त्या पट्ट्या) आणि डोलकाठीवर जातो. डोलकाठीचा खालचा दाब बोटीच्या वजनाइतका आणि त्याहून जास्तही होऊ शकतो.

एकहली बोटीत त्या दाबाखाली कील (तळाचा खाली उतरलेला कणा) असते. कॅटामरानमध्ये डोलकाठीखाली सलूनचं छत किंवा डेक, त्याखाली मुख्य बल्कहेड, आणि त्याखाली पाण्याच्या वर लटकणारा ब्रिजडेक. म्हणजे मुख्य बल्कहेड हा तुळईसारखा दोन हलवर टेकलेला असतो आणि डोलकाठी त्याच्या मध्यावर दाबते. त्यातच माणसांना ये-जा करायला दरवाजे कापलेले असतात, वायरी आणि पाइपांसाठी भोकं पाडलेली असतात. दरवाजाच्या चौकटीचे कोपरे ही नेहमीची तडकण्याची जागा.

लगून ४५० च्या काही बोटींत मुख्य बल्कहेडला तडे गेल्याचं उघडकीस आलं आणि कंपनीने तपासणी व दुरुस्ती हाती घेतली, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे तो एकच ब्रँड टाळला की काम झालं, असं समजू नका. प्लायवूडचं बल्कहेड फक्त गोंदाने चिकटवलेलं, किंवा एकाच बाजूने लॅमिनेट केलेलं असेल, तर कुठल्याही कारखान्याच्या बोटीत हाच प्रश्न येऊ शकतो. मेथाक्रिलेट गोंद स्वतः कमकुवत नाही. पण त्याचा जोड किती भरला आहे हे बसवल्यावर दिसत नाही, आणि तो सुटला तर पोचता येत नाही, कारण समोर फर्निचर असतं.

विचारायचे प्रश्न तीन. मुख्य बल्कहेड कशाचं आहे? ते हल, डेक आणि ब्रिजडेक या तिन्हींना दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलं आहे का? फर्निचर न तोडता किती टक्के जोड डोळ्यांनी पाहता येतो? तिसऱ्याचं उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’ असं आलं, तर किमतीच्या वाटाघाटीत ते नक्की धरा.

वापरलेल्या बोटीत बल्कहेड कसं तपासायचं?

टॉर्च, लहान आरसा, फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, प्लॅस्टिकचा हातोडा आणि खडू बरोबर घ्या.

१. बोट धक्क्याला असताना आतले सगळे दरवाजे उघडून बंद करा. चौकट आणि दार यांतली फट वर-खाली सारखी आहे का, कुठे घासल्याची ताजी खूण आहे का ते पाहा.

२. पुढच्या केबिनांमध्ये, पलंगाखालच्या आणि कपाटांमागच्या फळ्या काढा. बल्कहेड आणि हल यांच्या जोडावरून हाताचं बोट फिरवा. पांढुरकी रेघ, सुटलेली कड, किंवा रंगावर बारीक वेडावाकडा तडा दिसला तर खडूने खूण करून फोटो काढा.

३. डोलकाठीच्या पायाभोवतीचं डेक पाहा. जेलकोटला (वरच्या चकचकीत थराला) गेलेले गोलाकार तडे आणि पायाकडे किंचित खोलगट झालेलं डेक ही वाईट लक्षणं. चेनप्लेटजवळून तारेसारखे फाकणारे तडे त्याहून वाईट.

४. हातोड्याने हलके ठोके द्या. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ.

५. समुद्रावर न्या. १५ ते २० नॉट वाऱ्यात, वाऱ्याच्या जवळून चालताना आडोशाकडचा श्राउड किती ढिला पडतो ते बघा. थोडा ढिला पडणं साहजिक. लोंबायला लागला आणि धक्क्यावर रिगिंगचा ताण नीट असल्याची खात्री असेल, तर बोटीचा सांगाडा वाकतोय. त्याच वेळी आतल्या दरवाज्यांची चाचणी पुन्हा करा. धक्क्यावर सहज बसणारं दार समुद्रात अडकत असेल, तर सर्व्हेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) ती जागा उघडायला सांगा.

आतून येणारा कुरकुर आवाज ऐकून घाबरू नका. बहुतेक वेळा फर्निचर एकमेकांवर घासत असतं. बल्कहेडचा आवाज वेगळा असतो: लाट आपटली की ठराविक जागी एकच ‘टक्’ असा ठोका येतो, आणि तो दर लाटेला तिथेच येतो.

‘वजन वाढवू नका’ असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात किती वाढतं?

४२ फुटी बोटीवर चार माणसांचं कुटुंब लांबच्या सफरीला निघालं, तर हिशोब साधारण असा लागतो:

पाणी ६०० लिटर = ६०० किलो. डिझेल ४०० लिटर = सुमारे ३४० किलो. १० मिमीची ८० मीटर साखळी १८० किलो आणि मुख्य नांगर ३३ किलो. डिंगी (छोटी होडी) आणि तिचं इंजिन १३० किलो. माणसं ३०० किलो. अन्नधान्य २५० किलो. अवजारं आणि सुटे भाग २०० किलो. कपडे, पुस्तकं, भांडी २०० किलो. जनरेटर १४० किलो. सोलर पॅनेल आणि त्यांची चौकट ८० किलो. जास्तीच्या बॅटऱ्या १०० किलो. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) ४५ किलो. लाइफराफ्ट ४० किलो. जादा दोर आणि शिडं १२० किलो.

बेरीज सुमारे २,७५० किलो. यात एअर कंडिशनर, वॉशिंग मशीन, स्कूबाच्या टाक्या, पॅडलबोर्ड काहीच धरलेलं नाही.

या आकाराच्या बोटीच्या दोन हलचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ २४ चौरस मीटरच्या आसपास असतं. म्हणजे दर २५० किलोला बोट सुमारे १ सेंटिमीटर बुडते. २,७५० किलोला ११ सेंटिमीटर. नुसती पाणरेषा खाली गेली असती तर चाललं असतं. पण ट्रान्समच्या (मागच्या टोकाच्या) पायऱ्या पाण्यात ओढल्या जातात, वेग घटतो, आणि ब्रिजडेकखालची मोकळी जागा तेवढीच ११ सेंटिमीटरने कमी होते. वजन मागच्या टोकाला, म्हणजे डॅव्हिटवरची डिंगी, जनरेटर, इंजिनं असं साठलं तर मागची बाजू आणखी बसते.

वजन कमी करायला सर्वांत स्वस्त उपाय: पाणी रोज बनवत असाल तर दोन्ही टाक्या भरून हिंडू नका. एक रिकामी ठेवली तरी २००-३०० किलो वाचतात. त्यानंतर बॅटरी. ८०० अँपिअर-तासांच्या एजीएम (बंदिस्त शिसे-आम्ल) बॅटऱ्यांचं वजन २२० किलोच्या पुढे जातं. तेवढीच वापरण्याजोगी वीज देणारी ४०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक ५० किलोच्या आत बसते.

ब्रिजडेकची उंची किती असावी?

पूर्ण भरलेल्या अवस्थेत ४० फुटी बोटीला ६० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, ७५ च्या वर असेल तर चांगलं. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या बोटीचा असतो, म्हणून वरचा हिशोब करून त्यातून वजा करा. ब्रिजडेक किती पुढपर्यंत आहे हेही बघा. पुढची टोकं जवळ येईपर्यंत पक्कं डेक ओढलं की बसायला छान जागा मिळते, पण समुद्र समोरून येत असताना लाट तिथेच आपटते. हे आपटणं नुसतं त्रासदायक नसतं. त्याने वर्षानुवर्षं त्याच बल्कहेडच्या जोडांवर घाव पडतात.

उंची वाढवायची तर सलूनची जमीन वर जाते, छत वर जातं, वाऱ्याला अडवणारा भाग वाढतो, किंवा आत डोकं लागतं. म्हणून प्रॉडक्शन बोटींत इथे तडजोड हमखास दिसते. ही तडजोड पुढे कितीही पैसे टाकून सुधारता येत नाही.

मिनी-कील की डॅगरबोर्ड?

बहुतेकांना मिनी-कील, म्हणजे हलच्या तळाला कायम बसवलेली आखूड कील, पुरते. स्वस्त, हलणारा भाग नाही, आणि चांगल्या बांधणीत कील वेगळी चिकटवलेली असते व हलचा तळ आतून बंद असतो. खडकावर कील तुटली तरी हलमध्ये पाणी येत नाही. तुमच्या बोटीत असंच आहे का, ते विचारून घ्या.

डॅगरबोर्डने, म्हणजे हलमधून वर-खाली करता येणाऱ्या फळीने, वाऱ्यावर चढणं सुधारतं आणि उथळ पाण्यात जाता येतं. पण त्यांची पेटी हलच्या आतली जागा खाते, शंख-शिंपले अडकतात, आणि बोर्ड खाली असताना जमिनीला लागलं तर पेटीच तडकू शकते.

सीकॉक पितळेचे आहेत. बदलायलाच हवेत का?

हो. सीकॉक म्हणजे हलमधल्या भोकावरचा पाणी बंद करायचा कॉक. पहिल्या मोठ्या ड्रायडॉकिंगला (बोट पाण्याबाहेर काढाल तेव्हा) बदला.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९०९३ नुसार पाच वर्षांत बिघडणार नाही असा धातू गंजरोधक मानला जातो. त्या व्याख्येत साधं पितळ बसून जातं, म्हणून अनेक नव्या बोटींत तेच येतं. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते ठिसूळ, सच्छिद्र तांबं. वरून चकचकीत दिसणारा फिटिंगचा दांडा होजच्या टोकाशी हाताच्या दाबाने तुटू शकतो. चाकूने थोडं खरवडा: पिवळं दिसलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर जस्त गेलेलं आहे.

कॅटामरानमध्ये थ्रू-हल (हलमधून पार जाणारी फिटिंग) सहज पंधरा-वीस निघतात. जस्तक्षय न होणारं पितळ, ब्रॉन्झ किंवा ग्लासफायबर-भरीव नायलॉन यांपैकी एक निवडा. नायलॉनचे हलके असतात आणि विजेच्या गंजाचा प्रश्नच राहत नाही. एका हलमध्ये एकाच प्रकारचे ठेवा, म्हणजे सुटे भाग सांभाळायला सोपे जातात.

सेलड्राइव्ह असलेली बोट घ्यावी का?

सेलड्राइव्हमध्ये इंजिनाचा पाय हलच्या तळातून सरळ खाली जातो आणि त्यालाच प्रॉपेलर असतो. बहुतेक प्रॉडक्शन बोटींत तोच पर्याय असतो. कारखान्याला बसवायला सोपा, शाफ्ट जुळवायची कटकट नाही. खर्च नंतर तुमच्याकडे येतो. हलच्या भोकाला बंद करणारा रबरी डायाफ्राम व्होल्वोच्या सूचनेनुसार सात वर्षांनी बदलायचा, आणि त्यासाठी इंजिन पुढे सरकवावं लागतं. दोन इंजिनं, म्हणजे दोनदा. वापरलेल्या बोटीचा व्यवहार करताना डायाफ्राम बदलल्याची पावती मागा. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय. पाय अॅल्युमिनियमचा असतो, त्यामुळे त्यावर तांब्याचं अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) कधीही लावू नका. हलला लावतानाही पायाभोवती काही सेंटिमीटर पट्टा मोकळा ठेवा. ४२ फुटी बोटीला दोन हात द्यायचे तर १० ते १२ लिटर रंग लागतो.

रिगिंग आणि शिडांत काटकसर केलेली असेल तर?

चालेल, फक्त ती तुमच्या हिशोबात धरा. कारखान्यातून येणारी डॅक्रॉनची शिडं लवकर पोट काढतात. तारांचं स्टेनलेस रिगिंग विमा कंपन्या साधारण दहा वर्षांनी बदलायला सांगतात. बॅकस्टे (डोलकाठीची मागची तार) नसल्याने श्राउड मागे झुकलेले असतात आणि वारा मागून असताना मोठं शीड त्यांवर घासतं. पुढच्या आडव्या बीमवरचा, फोरस्टेचा (डोलकाठीच्या पुढच्या तारेचा) ताण घेणारा त्रिकोण आणि त्याच्या टोकांवरच्या पिना दर वर्षी पाहा.

शीड कधी आवरायचं हे कारखान्याच्या तक्त्यावरून ठरवा. बोट कलून इशारा देत नाही, आणि अंगाला जाणवेपर्यंत ताण मर्यादेबाहेर गेलेला असतो.

फ्लायब्रिज घ्यावा का?

वरून सगळं दिसतं, चार्टरला चांगला भाव येतो. बूम (शिडाखालचा आडवा दांडा) उंच जातं, शिडाचा दाब उंचावर काम करतो, आणि खराब हवेत सुकाणूवरचा माणूस एकटा वर बसतो. लांबच्या सफरीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

‘सीई श्रेणी अ’ म्हणजे बांधणी उत्तम, असं का म्हणता येत नाही?

ही युरोपीय प्रमाणपत्रातली श्रेणी सांगते की बोट ब्यूफोर्ट मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरची लक्षणीय लाट (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी) यांसाठी आखलेली आहे. स्थैर्य, तरंगण्याचा साठा, सांगाड्याच्या मापांचे नियम त्यात येतात. जोड दहा वर्षांनी कसा असेल, सीकॉक कशाचे आहेत, वायरिंगला कथिलाचा मुलामा आहे की नाही, हे त्यात येत नाही. बाजारात जवळजवळ सगळ्या मोठ्या कॅटामरानना हीच श्रेणी असते, त्यामुळे निवड करताना तिचा उपयोग कमी.

चार्टरमधून निवृत्त झालेली बोट परवडते का?

पाच-सहा वर्षांच्या बोटी मोठ्या संख्येने बाजारात येतात आणि भावही उतरलेला असतो. इंजिनाचे तास जास्त असतात, पण नियमित चाललेलं इंजिन धक्क्यावर पडून राहिलेल्या इंजिनापेक्षा बरं. खरं नुकसान इतरत्र शोधा: कीलचा तळ, सुकाणूच्या पात्याची खालची कड, धक्क्याला आपटलेले कोपरे, टॉयलेटच्या नळ्या, विंडलासची मोटर. कील आणि हलच्या जोडाजवळ ताजी पुट्टी दिसली तर ती उघडून पाहण्याचा हक्क करारात लिहून घ्या. चार केबिनांची बोट घेऊन एक केबिन कोठार करणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, मात्र तिथे काय ठेवता त्याचं वजन मोजा.

नवी बोट घेताना कुठले पर्याय कारखान्यातूनच घ्यावेत?

समुद्रात निघण्याजोगी होईपर्यंत मूळ किमतीवर २० ते ३० टक्के भर पडते, असं धरून चाला. कारखान्यातून तेच घ्या जे नंतर बसवायला बोट फोडावी लागेल: मोठी इंजिनं, डेकखालची बळकटी, जास्तीच्या टाक्या, वायरी ओढायच्या रिकाम्या नळ्या, मोठा विंडलास. नेव्हिगेशनची उपकरणं, सोलर, लिथियम आणि वॉटरमेकर बाहेरून बसवले तर बहुधा स्वस्त पडतात आणि त्यांची मांडणी तुम्हाला माहीत राहते. हातात येणाऱ्या बोटीचं काम चालू असताना, फर्निचर बसण्याआधी, स्वतंत्र सर्व्हेअर पाठवता येईल का ते करारापूर्वी ठरवा. बल्कहेडचे जोड बघायची ती एकमेव चांगली वेळ.

कोकण किनारा आणि गोव्यात अशी बोट ठेवायची तर?

मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. मिनी-कीलवाली कॅटामरान खाडीत ओहोटीला बसवून तळ साफ करता येतो, पण कील तेवढं वजन सोसतील असं कारखान्याने लेखी दिलेलं असेल तरच. चिखलात बसवू नका. सेलड्राइव्हच्या पाण्याच्या जाळीत गाळ जातो आणि इंजिन तापतं. सात मीटर रुंदीची बोट उचलणारी क्रेन किंवा लिफ्ट कुठे आहे, हे खरेदीपूर्वी शोधा. कोचीच्या बोलगट्टी बेटावर मरीना आहे. फायबरचं काम जाणणारे कारागीर गोव्यात आहेत: नौदलाच्या म्हादेई (२००९) आणि तारिणी (२०१७) या पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या बोटी दिवाड बेटावर बांधल्या गेल्या. त्या एकहली आहेत, तरी लॅमिनेटची दुरुस्ती तीच. आयात करताना सीमाशुल्क आणि जीएसटीचा आकडा सल्लागाराकडून आधी काढून घ्या.

सँडविच डेकवर नवी वस्तू बसवताना गाभा कसा वाचवायचा?

८ मिमीच्या बोल्टसाठी आधी १४ ते १६ मिमीचं भोक पाडा, पण खालचा थर शक्य असेल तर शाबूत ठेवा. वाकवलेल्या खिळ्याला ड्रिलमध्ये धरून आजूबाजूचा गाभा आणखी सेंटिमीटरभर कोरून काढा. भुसा व्हॅक्यूमने ओढा. गाभा ओलसर वाटला तर तिथेच थांबा, पूर्ण वाळू द्या. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने आत फिरवा म्हणजे कडा भिजतील, मग कोलॉइडल सिलिका घालून घट्ट केलेली इपॉक्सी सिरिंजने तळापासून वर भरा. २४ तास थांबा. त्यानंतर ८ मिमीचं भोक पाडा, वरची कड काउंटरसिंकने थोडी उतरवा, म्हणजे सीलंटला बसायला खाच मिळते. ब्यूटाइल टेप लावा, खाली ५-६ मिमी जाडीची जी-१० फायबरग्लासची पाटी द्या आणि बोल्ट दोन-तीन दिवसांत थोडा थोडा आवळत जा. एकदम आवळला तर सगळं ब्यूटाइल बाहेर येतं आणि फट उरते.

हीच पद्धत आधीच्या मालकाने किंवा डीलरने बसवलेल्या वस्तूंनाही लावा. खरेदीनंतरच्या पहिल्या महिन्यात कारखान्यानंतर मारलेला प्रत्येक स्क्रू शोधा, काढा, भोकात कापूस घालून ओल तपासा आणि नव्याने सील करा. सोलरच्या वायरींची भोकं, बिमिनीचे (कापडी छताचे) पाय आणि मागच्या बाजूचे रॉड होल्डर इथून सुरुवात करा.